शब्दाची शेपटी: परळच्या दवाखान्यात कामी येणारं इंग्रजी

आम्ही लालबाग-परळच्या बाया बोलतोय. आमच्यातल्या बहुतेकींचं गाव कोकणात, नाहीतर घाटावर. गावाकडून कुणी आजारी माणूस घेऊन मुंबईला आलं की ते परळलाच येतं, कारण इथे पालिकेचं के.ई.एम. आहे १९२६ पासून, टाटा हॉस्पिटल आहे १९४१ पासून आणि लेकरांचं वाडिया हॉस्पिटलही इथेच आहे. पाहुण्यांची गादी आमच्या खोलीत पडते, कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतं. आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डातून आल्यावर पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर काय म्हणाले, ते काय कळलं नाही गं."

डॉक्टर मराठीतच बोलतात, पण मधेमधे इंग्रजी येतं. आणि जीव अडकतो तो नेमका त्या मधल्या शब्दांत. म्हणून आज त्या शब्दांविषयी बोलू. व्याकरण शिकवणार नाही, घाबरू नका.

आधी आपल्या मराठीकडे बघा. 'लागणे' हा एकच शब्द घ्या. भूक लागली, ठेच लागली, नळावर रांग लागली, दिवा लागला, बाळाचा डोळा लागला. डोळा लागला म्हणजे डोळ्याला इजा झाली, असं आपल्यापैकी कुणी समजत नाही. शब्द तोच, पण सोबत कोण आहे त्यावर अर्थ ठरतो. यालाच आपण वाक्प्रचार म्हणतो. इंग्रजीतही तसंच आहे. फरक इतकाच की तिथे बरेचदा क्रियापदाच्या मागे एक बारीक शब्द शेपटीसारखा लागतो: ऑन, ऑफ, इन, आउट, अप, डाउन. शेपटी बदलली की जनावरच बदलतं.

'पुट' म्हणजे ठेवणे, हे शाळेत शिकवतात. पण 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे. 'पुट आउट' म्हणजे विझवणे. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणे सोसणे. हे शेवटचं तर आपल्याला कुणी शिकवायची गरजच नाही!

आमच्या गिरणगावात हे शेपटीवाले शब्द बायांच्या तोंडी आधीपासून होते. घरातला माणूस पाळीवरून परत आला आणि म्हणाला, "ले-ऑफ दिलाय," की बाई समजायची: कोळसा, वीज किंवा माल नाही म्हणून काम बंद आहे. नाव हजेरीपटावर आहे, नियमात बसलं तर अर्धा पगार मिळेल. पण "लॉकआउट झालाय" म्हटलं की मालकानेच भांडण धरून फाटकाला कुलूप घातलं, आता उधारीवर दिवस काढायचे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांना या दोन शब्दांतला फरक बरोबर कळत होता, कारण त्यावर घरची चूल ठरत होती. गरजेचा शब्द लवकर शिकला जातो, तो असा.

आता दवाखान्यातले शब्द. आम्ही ते जोडीजोडीने सांगतो, म्हणजे फरक लक्षात राहील.

पहिली जोडी 'पास आउट' आणि 'पास अवे'. कॉलेजातून पोरगं 'पास आउट' झालं म्हणजे शिकून बाहेर पडलं. पण दवाखान्यात 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपली, चक्कर येऊन पडलं. 'पास अवे' म्हणजे मात्र माणूस गेलं. शेपटी नीट ऐकल्याशिवाय हंबरडा फोडू नका आणि गावाला फोनही लावू नका. शुद्धीवर आलं की म्हणतात 'कम राउंड'. "पेशंट केम राउंड" ही चांगली बातमी आहे.

दुसरी जोडी 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ'. ऑपरेशन 'पुट ऑफ' झालं म्हणजे पुढे ढकललं, नवी तारीख मागून घ्यायची. 'कॉल ऑफ' झालं म्हणजे रद्दच केलं. मग तारीख नाही, कारण विचारायचं आणि आता पुढचा उपचार कोणता ते विचारायचं.

तिसरी जोडी 'कट डाउन' आणि 'कट आउट'. "मीठ कट डाउन करा" म्हणजे कमी करा. "कट आउट करा" म्हणजे पूर्ण बंद. याच घरातला आणखी एक शब्द आहे 'टेपर ऑफ'. तो औषधाबद्दल वापरतात. स्टेरॉइडसारखी काही औषधं बरं वाटलं म्हणून एकदम थांबवली तर जिवावर बेततं. डॉक्टरांनी सांगितलेल्या बेताने, पायरीपायरीने उतरवायची असतात. 'टेपर ऑफ' ऐकलं की कागदावर लिहून घ्या: किती दिवस किती गोळ्या.

आणि आता सगळ्यात जास्त घाबरवणारा शब्द: 'रूल आउट'. डॉक्टर म्हणतात, "टीबी रूल आउट करायचाय." ऐकणारीच्या कानात फक्त टीबी राहतो. पण रूल आउट करणे म्हणजे तो आजार नाही ना, याची तपासणी करून खात्री करणे. अजून काहीच ठरलेलं नाही, तपासणी व्हायची आहे. आणि तपासणीनंतर "रूल्ड आउट" म्हणाले तर तो आजार नाही. म्हणून असं ऐकलं की सरळ विचारा, "तपासणी व्हायची आहे, की झाली?" या एका प्रश्नाने रात्रीची झोप वाचते.

'फॉलो-अप' तर तुम्हाला माहीत आहे, पुन्हा दाखवायला येणे. पण त्याचा अर्थ 'त्रास झाला तर या' असा नाही. त्रास नसला तरी दिलेल्या तारखेला यायचं, असा आहे. शेतीची कामं, एस.टी.चं भाडं, यात ही तारीख पहिली मागे पडते. बचत गटात कुणाच्या घरी फॉलो-अप आहे ते वहीत लिहून ठेवलं तर एकमेकींना आठवण करता येते.

आता देवाधर्माचे शब्द. इथे उलटी गोष्ट आहे. इथे आपल्याजवळ शब्द आहे आणि इंग्रजीला तो नीट पेलत नाही.

गिरगावात केशवजी नाईक चाळीचा गणपती १८९३ पासून बसतो, लालबागच्या राजाची स्थापना १९३४ ची. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर विसर्जन होतं तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्र लिहितं 'इमर्शन'. इमर्शन म्हणजे पाण्यात बुडवणे. आपण काय गणपती बुडवतो? आपण त्याला निरोप देतो, पुढच्या वर्षी लवकर ये म्हणतो. इंग्रजीत निरोप द्यायला शेपटीवाला शब्द आहे, 'सी ऑफ'. पाहुण्याला एस.टी.पर्यंत सोडायला जातो ते 'सी ऑफ'. आमच्या मते विसर्जनाच्या तो जास्त जवळचा. तसंच 'प्रसाद' म्हणजे नुसतं 'स्वीट' नव्हे. प्रसाद, आरती, ओवी हे शब्द इंग्रजी बोलतानाही तसेच ठेवावेत. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, त्या दिवसाला इंग्रजी वर्तमानपत्रंही 'महापरिनिर्वाण दिन' असंच लिहितात. आपल्या मुंबईच्या मराठी ख्रिस्ती बायाही चर्चमधल्या 'मास'ला घरात 'मिस्सा'च म्हणतात. ज्याचा शब्द त्याच्या तोंडून घ्यावा, हा साधा मान आहे.

पण काही धर्माचे शब्द इंग्रजीतून आले आणि कायद्यात जाऊन बसले. ते मात्र आपल्याला यायला हवेत. एक शब्द 'गुड समॅरिटन'. बायबलात येशूने सांगितलेली गोष्ट आहे. चोरांनी मारहाण करून अर्धमेला केलेला एक माणूस रस्त्यात पडला होता. देवळाचा पुरोहित बघून पुढे गेला. ज्याला लोक हलका मानत त्या समॅरिया प्रांतातल्या माणसाने मात्र त्याच्या जखमा बांधल्या आणि त्याला धर्मशाळेत नेलं. म्हणून निःस्वार्थ मदत करणाऱ्याला गुड समॅरिटन म्हणतात. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली याच नावाने कलम आलं, १३४ अ. रस्त्यावर अपघात झालेल्याला चांगल्या मनाने दवाखान्यात नेलं तर मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी खटला भरता येत नाही. नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही. "पोलिसांचं झंझट नको" म्हणून जखमीला सोडून जायचं आता काही कारण नाही.

दुसरा शब्द 'चॅरिटी', म्हणजे दानधर्म. 'चॅरिटेबल ट्रस्ट'च्या दवाखान्यांना महाराष्ट्रात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. फॉर्मवर निर्धनला 'इंडिजंट' लिहिलेलं असतं. ही भीक नाही, हक्क आहे. बिल भरण्याच्या आधी, भरती होतानाच तिथल्या समाजसेवा विभागात विचारा आणि उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड जवळ ठेवा.

हे सगळे शब्द एका दिवसात येणार नाहीत. गटाच्या बैठकीत एक वही ठेवा. नुसता 'पुट' किंवा 'कट' लिहू नका, शेपटीसकट लिहा आणि शेजारी मराठीत आपल्या घरचं एक वाक्य लिहा. एका बैठकीला एक जोडी पुरे. शाळेत जाणाऱ्या मुलीला वही वाचून दाखवायला सांगा, तिचाही अभ्यास होईल.

आणि वही घरी राहिली, शब्द आठवला नाही, तर लाजू नका. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही किंवा अंगठा देण्याआधी काय करणार आहेत, ते आपल्याला समजेल अशा भाषेत सांगितलं जावं हा रुग्णाचा हक्क आहे. स्पष्ट म्हणा, "डॉक्टर, हे मला मराठीत सांगा." मग स्वतःच्या शब्दांत परत बोलून दाखवा, "म्हणजे असं ना?" त्यांनी हो म्हटलं की मगच सही करा.

पुढच्या भागात बँकेतले शब्द घेऊ. तोवर तुमच्या कानावर पडलेला एखादा शेपटीवाला शब्द आम्हाला लिहून कळवा. नमस्कार.