मानसोपचार तज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाताय? आत गेल्यावर काय विचारतात, किती दिवस लागतात, गोष्ट बाहेर जाते का? सगळं सविस्तर

वाशिम : झोप लागत नाही. जेवण जात नाही. छातीत धडधड होते, डोकं जड राहतं, अंगात मुंग्या येतात. आधी गावातल्या डॉक्टरकडून गोळ्या, मग सलाईन, मग वाशिमला रक्त तपासणी, अकोल्याला सोनोग्राफी. सगळे रिपोर्ट नॉर्मल. शेवटी एखादा डॉक्टर म्हणतो, "एकदा मानसोपचार तज्ज्ञाला दाखवून घ्या."

आणि इथेच गाडी अडते. "मले काय येड लागलं का? लोकं काय म्हनतीन?" हा पहिला प्रश्न. आत गेल्यावर नेमकं काय होतं, हे कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून भीती आणखी वाढते. काहींना वाटतं शॉक देतील, काहींना वाटतं कायमच्या गोळ्या मागे लागतील. त्यामुळे चिठ्ठी खिशातच राहते आणि महिने निघून जातात.

असं करणारे तुम्ही एकटे नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. म्हणूनच पहिल्या पायरीपासून पुढचं सगळं इथे सोप्या शब्दांत देत आहोत.

आधी माणसं ओळखा : कोण काय करतं?

"मनाचा डॉक्टर" म्हटलं की आपण सगळ्यांना एकाच रांगेत बसवतो. प्रत्यक्षात कामं वेगळी आहेत.

- मानसोपचार तज्ज्ञ (सायकियाट्रिस्ट) : हे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. आजाराचं निदान करतात, गोळ्या लिहून देतात.
- चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) : हे गोळ्या देत नाहीत. तपासणीच्या चाचण्या घेतात आणि बोलण्यातून उपचार करतात. यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते.
- मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता : घरची परिस्थिती, कुटुंबातला ताण, सरकारी योजना, पाठपुरावा ही बाजू सांभाळतात.
- समुपदेशक (काउन्सेलर) : बोलून आधार देणं, मार्ग काढायला मदत करणं हे यांचं काम. मात्र ही पाटी कोणीही लावतं, म्हणून शिक्षण काय झालं, कुठे काम केलं, हे विचारून घ्या. विचारण्यात गैर काहीच नाही.

कोणाकडे आधी जायचं हे कळत नसेल तर सरकारी दवाखान्यात जा. तिथून योग्य माणसाकडे पाठवतात.

कुठे जायचं?

केंद्र सरकारचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला आणि १९९६ पासून तो जिल्हा पातळीवर आणायला सुरुवात झाली. या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचार तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असणं अपेक्षित आहे. जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढताना "मानसोपचार विभाग" एवढं सांगितलं तरी पुरे.

रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या तालुक्यांतल्या लोकांनी आधी आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारावं. पथक कोणत्या वारी येतं, हे तिथे कळतं. वार विचारूनच निघा, म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी वाया जाणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात थोडं शुल्क लागू शकतं. खासगीत जायचं असेल तर एका भेटीचे किती, हे आधी फोनवर विचारा.

आणि जाणं शक्यच नसेल तर टेलिमानस. १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ हा नंबर. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सरकारी सेवा दिवसरात्र चालते, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं.

पहिल्या भेटीत काय होतं?

पहिली भेट म्हणजे मुख्यतः ओळख आणि माहिती. खाटेवर झोपवून काही करतात, डोळ्यांपुढे लोलक फिरवतात, हे सगळं सिनेमातलं. समोर खुर्ची असते, तुम्ही बसता आणि बोलता. एवढंच.

साधारण हे प्रश्न येतात :

- त्रास काय होतो, कधीपासून होतो?
- झोप, भूक, कामातलं लक्ष कसं आहे?
- याआधी असं कधी झालं होतं का? घरात कोणाला असा त्रास होता का?
- दारू, तंबाखू, खर्रा किती?
- शुगर, बीपी, थायरॉइड आहे का? कोणत्या गोळ्या चालू आहेत?
- घरी कोण कोण आहे, कर्ज, भांडण, आजारपण असं काही चालू आहे का?

काही वेळा नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटणं, थकवा, झोप न लागणं हे किती दिवस झालं, त्यावरून गुण मिळतात. ही परीक्षा नव्हे. पुढे महिन्याभराने तोच कागद भरला की फरक पडला की नाही ते कळतं. रक्ताची तपासणी सांगितली तरी नवल वाटू देऊ नका. थायरॉइड बिघडलं किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस मरगळतो.

एक प्रश्न अनेकांना दचकवतो : "जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" हा प्रश्न नेहमीचा आहे, बहुतेकांना विचारला जातो. विचारल्याने असे विचार मनात भरत नाहीत, उलट बोलल्याने मोकळं होतं. खरं असेल ते सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने ही गोष्ट लपवू नका.

सोबत काय न्यायचं? जुने केसपेपर, रिपोर्ट, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि एका चिठ्ठीवर लिहिलेल्या तीन-चार मुख्य तक्रारी. आत गेल्यावर अर्धं विसरायला होतं, चिठ्ठी कामी येते. सरकारी ओपीडीत गर्दी असते, वेळ कमी मिळतो. म्हणून सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट आधी सांगा.

रडू आलं तर येऊ द्या, त्यांना सवय आहे. बोलताच आलं नाही तरी चालतं. पहिल्या भेटीनंतर काहींना हलकं वाटतं, काहींना दोन दिवस जास्तच जड वाटतं. दाबून ठेवलेलं वर आलं की असं होतं. यावरून "आपल्याला जमत नाही" असं ठरवू नका.

"गावात कळंल का?"

खेड्यात हा सगळ्यात मोठा प्रश्न. केसपेपरच्या रांगेत गावचाच माणूस भेटतो, कोणी नर्स नात्यातली निघते. भीती खोटी नाही. पण कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१७ च्या कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर ती शेजाऱ्याला, मालकाला किंवा सोयऱ्याला सांगू शकत नाहीत.

अपवाद मोजके आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, कोर्टाने मागितलं असेल, किंवा उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला गरजेची माहिती द्यायची असेल, तेव्हा ती दिली जाऊ शकते. पहिल्याच भेटीत सरळ विचारा, "मी सांगितलेलं कोणाकोणाला कळेल?"

सोबत घरचं माणूस असलं तरी थोडा वेळ एकट्याने बोलायला मिळावं, असं सांगता येतं. सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना बाईमाणूस काय बोलणार? तांड्यावरच्या आजीला मराठीपेक्षा गोरमाटी सोपी जात असेल तर बोली जाणणारं, विश्वासातलं माणूस सोबत न्या.

पुढच्या भेटी : नुसत्या गप्पा की उपचार?

"बोलून काय होते? बोलायले तर पारावर चार जण हायेतच." हे अनेकदा ऐकू येतं. पारावरचं बोलणं चांगलंच. पण तिथे सल्ला मिळतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी चर्चा. थेरपीत ठरलेली पद्धत असते, ध्येय असतं आणि मधल्या दिवसांसाठी घरचा अभ्यास असतो.

गोव्यातलं उदाहरण बघा. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांवर एक उपचार तपासण्यात आला. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट ३० ते ४० मिनिटांची. देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक होते. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. तो न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

त्यात करतात काय? नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी चावडीवर जाणं, मग शेतात जाणं, मग आंघोळ, मग बोलणं. जितकं सुटतं तितकं मन खचतं. थेरपीत हे चक्र उलटं फिरवतात. "या आठवड्यात रोज सकाळी धुऱ्यापर्यंत चालून यायचं", "एका मित्राला फोन करायचा" इतक्या लहान गोष्टींपासून सुरुवात. पुढच्या भेटीत काय जमलं, काय नाही, ते बघायचं. नाही जमलं तर रागावत नाहीत, काम आणखी लहान करतात.

दुसरी पद्धत विचारांवर काम करते. "यंदा सोयाबीन गेलं" ही घटना. "म्हणजे मी कामाचाच नाही" हा त्यावर आपण लावलेला अर्थ. या अर्थाला पुरावा काय, हे तपासायला शिकवतात. साध्या नैराश्यात किंवा चिंतेत सहा-आठ भेटींत फरक दिसायला लागतो. आजार जुना किंवा तीव्र असेल तर जास्त वेळ लागतो.

"कर्ज तर तसंच राहते, मग जाऊन फायदा काय?"

प्रश्न रास्त आहे. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, सोयाबीनला भाव मिळत नाही, मुलीचं लग्न ठरत नाही. हे कोणी थेरपीच्या नावावर सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण खचलेल्या मनाला समोरचा मार्गही दिसत नाही. बँकेत जाऊन पुनर्गठनाचं विचारायचं असतं, पीकविम्याची तक्रार करायची असते, भावाशी बोलायचं असतं. तेवढीही ताकद उरत नाही. उपचाराने ती परत येते. मग थेरपिस्टसोबत अडचणींची यादी होते : आपल्या हातातलं काय, नसलेलं काय, पहिलं पाऊल कोणतं.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प याच विचारातून राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गावं आपल्यासारखीच होती, शेतीचं दुखणंही तेच.

गोळ्या दिल्या तर?

प्रत्येकाला गोळ्या लागत नाहीत. लागल्या तर एवढं लक्षात ठेवा :

- नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.
- सुरुवातीला मळमळ, डोकं दुखणं, झोप येणं होऊ शकतं. त्रास जास्त झाला तर डॉक्टरला कळवा.
- नैराश्याच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण अचानक बंद केल्या तर त्रास होतो. त्या हळूहळू कमी करायच्या असतात.
- झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका.

घरच्यांनी काय करावं?

"मन घट्ट कर", "तुला काय कमी आहे?" ही वाक्यं टाळा. सोबत जा, तारखा लक्षात ठेवा, गोळ्या वेळेवर मिळतात का बघा. आत काय बोलणं झालं, हे खोदून विचारू नका.

सगळ्यात महत्त्वाचं : घरातलं माणूस खचलेलं असेल तर फवारणीचं औषध घरात उघडं ठेवू नका. कुलपात ठेवा, चावी दुसऱ्याकडे द्या, नाहीतर काही दिवस दुसरीकडे हलवा. जिवावर बेतणारा क्षण अनेकदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळी हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो.

देवाधर्माने मनाला आधार मिळत असेल तर तो जरूर घ्या, उपचार मात्र थांबवू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

नाही पटलं तर?

दोन-तीन भेटींनंतरही मन मोकळं होत नसेल तर तसं सांगा, दुसऱ्या तज्ज्ञाचं नाव मागा. जातीवरून, कपड्यांवरून टोमणे मारणारा, ओरडणारा, शंभर टक्के बरं करण्याची हमी देणारा किंवा खासगी जवळीक साधू पाहणारा माणूस चांगला थेरपिस्ट नसतो. तिथून उठून येण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

लक्षात ठेवा

- दोन आठवड्यांपेक्षा जास्त उदासी, झोपमोड, कशातच मन न लागणं : तपासून घ्या.
- जीव देण्याचे विचार येत असतील तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. लगेच घरच्या कोणाला तरी सांगा, १४४१६ ला फोन करा किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. रुग्णवाहिकेसाठी १०८.
- आशाताईंनाही विचारता येतं. कुठे, कोणत्या वारी जायचं, हे त्या सांगतील.

खिशात चिठ्ठी पडून असेल तर आजच रुग्णालयात फोन करून वार विचारून घ्या. आणि ही माहिती ज्याला गरज आहे असं वाटतं, त्याला एकट्याला पाठवा, ग्रुपवर नाव घेऊन नको.