जुने गाळे, नवे संकुल आणि आपले देवस्थान

॥ श्री ॥



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत काही सभासदांनी अशी सूचना मांडली की, मंदिराच्या दर्शनी बाजूस देवस्थानच्या मालकीचे जे जुने कौलारू गाळे आहेत, ते उतरवून तेथे बहुमजली व्यापारी संकुल उभारावे. खाली नव्या पद्धतीची दुकाने, वर उपाहारगृहे व मुलांच्या करमणुकीची जागा, तळघरात वाहनतळ, आणि येणाऱ्या उत्पन्नातून अन्नदान व विद्यार्थ्यांना साहाय्य, अशी ही कल्पना आहे. सूचनेमागील तळमळ खरी आहे, यात शंका नाही. तेव्हापासून कार्यालयात रोज कोणी ना कोणी या विषयाची चौकशी करतो. गाळेधारकांपैकी वयोवृद्ध मंडळी मात्र काहीच विचारीत नाहीत, येऊन नुसती बसतात. निर्णय अद्याप झालेला नाही. तो होण्यापूर्वी बाजारपेठेचा पुनर्विकास म्हणजे नेमके काय, अन्यत्र त्याचा अनुभव कसा आला आणि आपल्यापुढे कोणते प्रश्न आहेत, हे भाविकांपुढे ठेवणे विश्वस्त मंडळास आवश्यक वाटते.

बेळगावची जुनी बाजारपेठ कोणी एका दिवसात आखून वसविलेली नाही. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, पांगुळ गल्ली, रविवार पेठ अशी ती गल्लीगल्लीने वाढत गेली. रविवार पेठेत किराण्याचा घाऊक व्यापार स्थिरावला. पलीकडे शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानात होते, त्यामुळे तेथील साड्यांची व सराफीची पेठ वेगळ्या वळणाने वाढली. खानापूर तालुक्यातून, चंदगडहून, थेट गोव्यातून लोक लग्नाच्या खरेदीस येथे येतात आणि परतताना कुंदा घेतल्याशिवाय जात नाहीत. मारुती गल्लीत मारुतीचे मंदिर आहे, समादेवी गल्लीत समादेवीचे, पांगुळ गल्लीत अश्वत्थाम्याचे. देवळामुळे बाजार भरला की बाजारामुळे देऊळ नांदते राहिले, हे आता सांगता येणार नाही. दोन्ही एकमेकांच्या आधाराने उभी आहेत, एवढे मात्र दिसते. दर्शनास आलेली गृहिणी वाती, कापूर व गजरा घेते, मग सुईदोरा घेते, मग भांड्याला कल्हई करणारा आहे का ते पाहते. या बाजाराचे गणित अशा लहान खरेदीवर चालते. संकुलाचे गणित निराळे असते, हे पुढे येईलच.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत बेळगावची निवड झाली. कर्नाटकातून त्या यादीत बेळगाव व दावणगेरे ही दोनच शहरे होती. प्रत्येक शहरास केंद्राकडून सुमारे ५०० कोटी रुपये व तेवढाच वाटा राज्याकडून, अशी त्या योजनेची रचना होती. ३१ मार्च २०२५ रोजी ती योजना संपली. त्या काळात शहरातील रस्ते, पदपथ व दिवे यांची कामे झाली आणि टिळकवाडीत कलामंदिराच्या जागी व्यापारी संकुलाचे काम हाती घेण्यात आले. ज्या जागेचे नाव कलेवरून पडले तिची ओळख आता दुकानांवरून होणार, याची हळहळ अनेकांनी आमच्याजवळ बोलून दाखविली. असो. तो विषय महापालिकेचा. आपल्या विचारासाठी त्यातील मुद्दा एवढाच की, मध्यवर्ती जागा मोकळी झाली की तिच्याकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले जाते.

पुनर्विकासाचा आर्थिक व्यवहार बहुधा असा चालतो. जागा मालकाची, पैसा विकासकाचा. विकासक इमारत बांधतो, काही गाळे मालकास देतो आणि उरलेले ठरावीक वर्षांसाठी भाड्याने देऊन आपली गुंतवणूक व नफा वसूल करतो. बांधकामाचा खर्च व कर्जावरील व्याज भाड्यातूनच निघावयाचे असल्याने नव्या गाळ्याचे भाडे जुन्याच्या कितीतरी पट ठेवावे लागते. कापड, भ्रमणध्वनी, तयार कपडे, खाद्यगृहे यांना ते परवडते. पूजासाहित्य, तांब्यापितळेची भांडी, फुले, शिवणकाम यांना परवडत नाही. म्हणजे मंदिरासमोर पहिल्यांदा कोण उठेल, तर ज्याच्याकडे भाविक देवासाठी येतो तोच. कोणी त्याला हाकलून लावीत नाही, भाड्याचा आकडाच ते काम करतो. संकुल पहिली दोन-तीन वर्षे गजबजलेले राहील, पण वरच्या मजल्यावर जिना चढून जाणारे गिऱ्हाईक आपल्याकडे अजून कमीच आहे. वरचे गाळे रिकामे राहिले, तर कागदावरचे उत्पन्न कागदावरच राहते.

आता अन्यत्रचे अनुभव पाहू.

दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या सुमारे १.३ किलोमीटर रस्त्याचा पुनर्विकास झाला व १२ सप्टेंबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. लाल दगडाची फरसबंदी करण्यात आली आणि सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत मोटारवाहनांना बंदी घालण्यात आली. पायी चालणाऱ्यास मोकळेपणा मिळाला, हे मान्य करावेच लागेल. मात्र नियमाच्या अंमलबजावणीबद्दलच्या तक्रारी संपल्या नाहीत. आपल्याला विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट आणखी एक आहे. याच कामात जानेवारी २०२१ मध्ये रस्त्यातील एक हनुमान मंदिर न्यायालयाच्या आदेशान्वये हटविण्यात आले. त्यावरून मोठा वाद उठला आणि फेब्रुवारीत त्याच परिसरात लोखंडी सांगाड्याचे तात्पुरते मंदिर उभे राहिले. आराखड्यात देवस्थानचा विचार आधीच झाला नाही, तर पुढे तो न्यायालयात किंवा रस्त्यावर होतो.

बेंगळुरूच्या कमर्शियल स्ट्रीटचा अनुभव वेगळा आहे. स्मार्ट सिटी योजनेतून तेथे रस्ता उकरण्यात आला तो २०२० साली, म्हणजे नेमका करोनाकाळात. व्यापारी आधीच बसलेले, त्यात दुकानासमोर खड्डे. काम पूर्ण झाले तेव्हा फरसबंदीच्या दर्जावर टीका होऊन दुरुस्त्या कराव्या लागल्या. आराखडा चित्रात कितीही देखणा असला, तरी व्यापारी जगतो की बुडतो ते कामाच्या काळातील महिन्यांवर ठरते. आपल्याकडे चार महिने पावसाचे, नंतर गणेशोत्सव, दसरा व दिवाळी, मग लग्नसराई. काम करावयाचे तरी कोणत्या महिन्यांत?

मुंबईच्या भेंडी बाजाराचे उदाहरण तर एका धार्मिक न्यासाचेच आहे. दाऊदी बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने २००९ पासून तेथे सुमारे १६.५ एकर जागेतील २५० च्या आसपास जुन्या इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने यांचा पुनर्विकास हाती घेतला. रहिवाशांना प्रथम तात्पुरत्या जागेत हलवावयाचे, मग इमारत उतरावयाची, आणि नव्या इमारतीत त्यांना पुन्हा जागा द्यावयाची, हा त्यातील क्रम आम्हास अनुकरणीय वाटतो. पण असे काम किती वर्षे चालते व मध्यंतरी कोणते धोके असतात, हेही तेथेच दिसले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी या परिसरातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा मृत्यू झाला. जुनी इमारत तशीच ठेवणे म्हणजे ती जपणे नव्हे. आपल्या गाळ्यांच्या तुळयांना वाळवी लागलेली आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून ‘काहीच करू नये’ हे मतही मंडळास मान्य नाही.

काशीचा उल्लेख टाळता येत नाही, कारण आपल्या श्री कपिलेश्वरास आपण दक्षिण काशी म्हणतो. १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पण झालेल्या काशी विश्वनाथ धामासाठी ३०० हून अधिक मालमत्ता संपादित करण्यात आल्या. सुमारे ३,००० चौरस फुटांचा परिसर सुमारे ५ लाख चौरस फुटांचा झाला आणि घरांच्या भिंतींआड गेलेली ४० हून अधिक जुनी मंदिरे उजेडात आली. भाविकांची सोय मोठी झाली, पण गल्ल्या गेल्या. निपाणीकडील भाविक ज्या कोल्हापूरच्या अंबाबाईस वर्षातून अनेकदा जातात, तेथील मंदिर परिसराच्या आराखड्यासही २०२५ साली महाराष्ट्र शासनाने मान्यता दिली आहे. महाद्वार रोडवरील व्यापारी आज जी धाकधूक अनुभवीत आहेत, तीच आपल्या गाळेधारकांच्या मनात आहे. तंबाखूच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या निपाणीत जुन्या वखारींच्या जागांकडेही उद्या याच नजरेने पाहिले जाईल. तेथील सभासदांनी हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये.

आता आपल्या गल्लीकडे येऊ. येथील सर्वांत नाजूक बाब मिरवणुकीची आहे. शिवजयंतीचे चित्ररथ आणि अनंत चतुर्दशीच्या गणेशमूर्ती याच जुन्या भागातून जातात. विसर्जनाची मिरवणूक रामलिंगखिंड गल्ली, टिळक चौक या मार्गाने कपिलेश्वर तलावाकडे जाते. दरवर्षी वीजतारांचा प्रश्न उद्भवतो, हेस्कॉमच्या कर्मचाऱ्यांना व मंडळांच्या कार्यकर्त्यांना तारा उचलून धराव्या लागतात. रस्त्याच्या नव्या आराखड्यात लोक शोभेच्या कुंड्या, खांब, कमानी, बाके सुचवितात. चित्रात ते छान दिसते. परंतु पालखीच्या दांडीस दोन्ही बाजूंनी खांदा देणाऱ्यांना वळावयास जागा लागते आणि रथाच्या चाकास उंचवटा चालत नाही. जमिनीत पक्के रोवलेले काहीही मिरवणुकीच्या मार्गात नको, कमान उभारलीच तर तिची उंची मंडळांना विचारून ठरवावी, आणि रस्ता उकरावयाचाच असेल तर वीजवाहिन्या त्याच वेळी भूमिगत कराव्यात, ही आमची मागणी राहील. रस्ता एकदा फरसबंद झाल्यावर तो पुन्हा तारांसाठी खोदणे, याचा अनुभव सर्वांस आहेच.

दुसरी बाब टोपली घेऊन बसणाऱ्यांची. फुले, केळीची पाने, आंब्याचे डहाळे विकणाऱ्या बायकांकडे अतिक्रमण म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. पथविक्रेत्यांसंबंधीचा २०१४ चा केंद्रीय कायदा वाचल्यास वेगळे चित्र दिसते. शहरातील विक्रेत्यांचे सर्वेक्षण झाल्याशिवाय व विक्री प्रमाणपत्रे दिल्याशिवाय कोणास उठविता येत नाही. नगर विक्री समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांपैकी एकतृतीयांश स्त्रिया. शिवाय ज्या ठिकाणी ५० वर्षांहून अधिक काळ असा नैसर्गिक बाजार भरत आला आहे, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा व तेथील विक्रेत्यांस हलवू नये, असे तत्त्व कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नमूद आहे. मंदिरासमोरच्या फुलवाल्यांची किती पिढ्यांची बैठक आहे, हे आपल्यातील ज्येष्ठांनी आठवून लिहून दिल्यास त्याचा उपयोग होईल.

उपाहारगृहांबद्दल सभेत बरीच चर्चा झाली. स्वच्छ शाकाहारी खाद्यगृहास मंडळाचा विरोध नाही. दूरवरून आलेल्या भाविकास चार घास मिळावेत हे चांगलेच. मद्याचा प्रश्न काहींनी उपस्थित केला. कर्नाटकच्या अबकारी नियमांनुसार धार्मिक संस्थेपासून १०० मीटरच्या आत मद्यविक्रीचा परवाना सर्वसाधारणपणे देता येत नाही. तथापि भाडेकरारातही तशी अट स्पष्ट असावी. फलकांचा विषयही निघाला. २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे व्यापारी फलकावर ६० टक्के जागा कन्नडसाठी राखणे बंधनकारक आहे व त्याचे पालन होईल. उरलेल्या जागेत मराठी असावी आणि गल्लीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाव आराखड्याच्या नकाशावर बदलले जाऊ नये, एवढी आमची अपेक्षा आहे.

तळघरातील वाहनतळाची कल्पना आकर्षक आहे. परंतु या भागात जुन्या विहिरी आहेत, पावसाळ्यात जमिनीतील पाणी वर येते आणि मंदिराचा पाया जुना दगडी आहे. शेजारी खोल खोदकाम केल्यास त्यावर काय परिणाम होईल, याचा अभियंत्यांकडून लेखी अहवाल आल्याशिवाय मंडळ एक कुदळही मारू देणार नाही.

शेवटी मालकीविषयी. कायद्याच्या दृष्टीने देवता ही व्यक्ती मानली जाते व मालमत्ता तिची असते, विश्वस्त केवळ कारभार पाहणारे असतात. त्यामुळे दीर्घ मुदतीचा करार करताना आम्हास आमच्या पश्चात येणाऱ्या विश्वस्तांचेही हात बांधले जात आहेत, याचे भान ठेवावे लागते. मंडळाचा आजचा कल असा आहे की, गाळे एकदम न पाडता दोन-दोन करून दुरुस्त करावेत, उंची एका मजल्याने वाढवावी, विद्यमान गाळेधारकांस त्याच जागी परवडेल अशा भाड्याने परत आणावे आणि पूजासाहित्य व फुले यांसाठी काही गाळे कायमचे राखून ठेवावेत. यातून संकुलाइतके उत्पन्न येणार नाही. अन्नदानाचा विस्तार काही वर्षे लांबेल. ज्या सभासदांना हे मान्य नसेल त्यांनी निःसंकोच तसे लिहावे, त्यांच्या पत्रासही सभेपुढे तेवढेच स्थान मिळेल.

आराखड्याच्या दोन्ही पर्यायांचे नकाशे देवस्थानच्या कार्यालयात सकाळी आरतीनंतर दुपारपर्यंत पाहावयास ठेवण्यात आले आहेत. लेखी सूचना नाव व सभासद क्रमांकासह कार्यालयात द्याव्यात. गाळेधारकांची बैठक प्रथम घेतली जाईल, सभासदांची त्यानंतर. दोन्ही बैठकांची सूचना मंदिराच्या फलकावर व याच पानावर प्रसिद्ध करण्यात येईल.



सचिव,
विश्वस्त मंडळाच्या वतीने