तीस-सत्तर आणि जेवणाची वेळ

संकष्टीला चंद्रोदय कधी साडेआठच्या सुमारास होतो, कधी दहा वाजत येतात. घरातल्या आजी मात्र रोजच्या सवयीने साडेसातला इन्सुलिन टोचून घेतात आणि नैवेद्याच्या तयारीला लागतात. नऊच्या आसपास त्यांच्या हाताला कंप सुटतो, कपाळावर दरदरून घाम येतो, नातीने काही विचारलं तर त्या तिच्यावर खेकसतात. ‘हल्ली उपास झेपत नाही त्यांना,’ असं म्हणून घरचे विषय सोडून देतात. खरं तर उपवासापेक्षा घोळ वेळेचा असतो. इन्सुलिन कामाला लागलेलं असतं आणि पोट रिकामं असतं.

आपल्याकडे असंख्य लोक घेतात ते ‘तीस-सत्तर’ हे मिश्र इन्सुलिन. त्यातला 30 टक्के भाग लवकर काम करणारा. तो अर्ध्या तासात सुरू होतो आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो. उरलेला 70 टक्के भाग संथ. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन हागेडोर्न यांनी 1936 मध्ये माशापासून मिळणारं प्रोटामिन हे प्रथिन इन्सुलिनला जोडून त्याचा वेग कमी केला, त्याच कामातून हा प्रकार पुढे आला. त्याचा जोर साधारण चार ते बारा तासांच्या दरम्यान चढतो. म्हणजे सकाळी आठचं इंजेक्शन दुपारच्या जेवणाच्या वेळी जोरात असतं आणि रात्री आठचं मध्यरात्रीनंतर, सगळे गाढ झोपेत असताना.

दोन्ही भाग एकाच बाटलीत असल्यामुळे एक कमी करून दुसरा तसाच ठेवता येत नाही. म्हणून या इन्सुलिनवर असलेल्या माणसाने जेवणाची वेळ सांभाळणं हाच उपचाराचा अर्धा भाग आहे. लग्नाची पंगत तीनला बसणार असेल, तर बारा-साडेबाराला थोडं खाऊन घ्यावं. यजमान काय म्हणतील याचा संकोच नको. उपवास करायचाच असेल तर डोस किती आणि कधी घ्यायचा, हे डॉक्टरांना आधीच विचारावं. साधं तीस-सत्तर जेवणाआधी अर्धा तास घेतात, पण नव्या अॅनालॉग प्रकारातलं मिश्र इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्यायचं असतं. आपलं कुठलं, ते विचारून ठेवायला हवं.

संथ भाग बाटलीच्या तळाशी बसतो. बाटली किंवा पेन तळहातांत दहा वेळा फिरवून, दहा वेळा उलटसुलट करून द्रव सारखा दुधी झाला की मगच टोचायचं. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासात बहुतेक रुग्ण हे नीट करत नसल्याचं आढळलं होतं. न ढवळलेल्या पेनमधून आज भलताच कमी आणि उद्या भलताच जास्त डोस जाऊ शकतो.

सिरिंजची चूक याहून घातक. आपल्याकडे 40 युनिटची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी असते. 100 युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची. 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरलं, तर शरीरात 50 युनिट जातात.

ग्लुकोमीटरवर 70 च्या खाली आकडा दिसला की शुगर लो झाली. मीटर हाताशी नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवून लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून प्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढंच घ्यावं, आणि सावरल्यावर पोळी-भाजीसारखं काही खावं. पेढा किंवा चॉकलेट यावेळी कामाचं नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर घरातली साखरही हळू पचते. अशा घरात ग्लुकोज पावडरच हवी, आणि ती कुठे ठेवली आहे हे सगळ्यांना माहीत हवं.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला कुशीवर वळवून 108 ला फोन करावा.

रात्रीची ‘लो’ मात्र बऱ्याचदा कुणाला कळतच नाही. सकाळी घामाने भिजलेली उशी, ठणकणारं डोकं किंवा रात्रभर पडलेली भयंकर स्वप्नं एवढाच तिचा पुरावा उरतो. सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यावरून ती ओळखता येत नाही. अशी शंका आली तर दोन-तीन रात्री तीन वाजता गजर लावून शुगर तपासावी आणि ते आकडे वेळेसकट वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत. रात्रीचा डोस किती उतरवायचा, हे त्यांना त्यावरून ठरवता येतं.