पॉप रिव्हेट आणि कयाकचे फिटिंग

पॉप रिव्हेट म्हणजे कॉलर असलेली पोकळ नळी आणि तिच्यातून आरपार गेलेली पिन. रिव्हेट गनने पिन ओढली की तिचे डोके नळीचे पलीकडचे टोक फुगवते, जोड आवळला जातो आणि पिन ‘पट्’ करून तुटते. मागून हात घालावा लागत नाही. म्हणूनच भोसरी-चाकणच्या शीट मेटल वर्कशॉपमध्ये पॅनेल आणि डक्ट जोडताना ही गन हाताशी असते.

मासेमारीची कयाक आतून बंद आणि पोकळ असल्याने रॉड होल्डर किंवा हँडल बसवताना हाच उपाय सुचतो. मात्र पत्र्याचा हिशेब इथे चालत नाही. कयाकचे पॉलिथिलीन मऊ असते. ताण आला की साधा रिव्हेट भोक फाकवून निसटतो. त्यासाठी मागे तीन पाकळ्यांत उघडणारा रिव्हेट घ्यावा, म्हणजे भार पसरतो. 4.8 मिमीच्या रिव्हेटला 4.9 ते 5 मिमीचे भोक पुरे. लांबी निवडताना फिटिंग, वॉशर आणि प्लॅस्टिक यांची एकत्र जाडी मोजावी. पाणी आत शिरू नये म्हणून कॉलरखाली निओप्रीनचा वॉशर हवाच, कारण पॉलिथिलीनला सिलिकॉन नीट चिकटत नाही.

पवना नदीच्या गोड्या पाण्यात ॲल्युमिनियमचा रिव्हेट टिकतो. कोकणच्या खाऱ्या पाण्यात स्टेनलेसच्या फिटिंगला लागून तो लवकर झिजतो. कयाकच्या झाकणातून हात पोचत असेल, तिथे सरळ नटबोल्ट लावावा. रिव्हेट काढायचा तर त्याच मापाच्या ड्रिलने कॉलर उडवावी. उरलेला तुकडा मात्र कयाकच्या पोटात पडतो आणि बाहेर काढेपर्यंत खुळखुळत राहतो.