कवळीखालची लाल टाळू
ठाण्यातल्या टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाच्या रांगेत कवळी लावलेली आजी-आजोबा मंडळी भरपूर दिसतात. त्यांतल्या कितीजणांनी कवळी काढून आरशात टाळू पाहिली असेल? जरूर पाहा.

पूर्वी कवळ्या कडक केलेल्या रबराच्या असत. 1930 च्या दशकाच्या अखेरीस ॲक्रिलिक आलं आणि आजही बहुतेक कवळ्या त्याच्याच. ॲक्रिलिक घट्ट होताना त्यातलं थोडं मूळ द्रव रसायन, म्हणजे मोनोमर, तसंच उरतं आणि हळूहळू लाळेत उतरतं. उष्णता देऊन पक्क्या केलेल्या कवळीत ते कमी, खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या दुरुस्तीच्या मसाल्यात जास्त. म्हणून नवी कवळी देण्याआधी ती पाण्यात भिजवून ठेवतात. काहींच्या तोंडाची आग होते, पण ॲक्रिलिकची खरी ॲलर्जी तशी दुर्मीळच. कवळीच्या धातूच्या सांगाड्यात निकेल असेल तर ॲलर्जीची शक्यता अधिक.

टाळू लाल होण्यामागचा खरा गुन्हेगार बहुतेकदा कँडिडा ही बुरशी! ॲक्रिलिकच्या बारीक छिद्रांत आणि मऊ अस्तरात ती मजेत राहते. वरच्या कवळीखाली लाळ नीट पोहोचत नाही, त्यामुळे टाळू लालभडक होते आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा दुखतही नाही. सैल कवळीची कड सतत घासली, तर हिरडीशेजारी मांसाच्या घड्या वाढतात.

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा, उकळत्या पाण्यात मात्र नको, वाकडी होते. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. टूथपेस्टने चरे पडतात, चऱ्यांत पुन्हा बुरशी. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर थेट दंतवैद्याकडे जा.