वाळूच्या टेकड्यांतून एक दिवस

वाळवंट हा शब्द ऐकताच उंटांचा तांडा आणि क्षितिजापर्यंत पसरलेले वाळूचे डोंगर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. राजस्थानात जैसलमेर व बाडमेर या जिल्ह्यांत 1980 साली स्थापन झालेले राष्ट्रीय मरु उद्यान आहे. त्याचे क्षेत्र 3162 चौरस किलोमीटर असून दुर्मिळ माळढोक पक्ष्याचे ते मोठे आश्रयस्थान आहे. वाटाड्या सोबत घेऊन एका दिवसात त्याचा काही भाग पाहता येतो. मात्र वाळूच्या टेकड्यांनी या उद्यानाचा जेमतेम एक पंचमांश भाग व्यापला आहे. उरलेला सारा खडकाळ माळ आणि गवताळ प्रदेश आहे. म्हणजे वाळवंट वाळूमुळे होत नाही, पाण्याच्या दुर्भिक्ष्यामुळे होते. जैसलमेरला वर्षाकाठी 200 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर आपल्या गोव्यात सुमारे 3000 मिलिमीटर!

असे असूनही वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या आपल्या पेडणे तालुक्यात आहेत. जैसलमेर हजार किलोमीटरांहून अधिक दूर. पण मोरजी, मांद्रे, हरमल आणि केरी ही गावे डिचोलीहून सकाळी निघून संध्याकाळी परतण्याइतकी जवळ आहेत. तेव्हा वाळूचा स्वभाव समजून घेण्यासाठी आम्ही हीच सहल ठरविली. अस्नोडा, म्हापसा, शिवोली अशा मार्गाने जाऊन, शापोरा नदीवरील पूल ओलांडून, ऊन चढण्यापूर्वीच आम्ही मोरजीला पोहोचलो. किनाऱ्याची माहिती असलेले एक वाटाडे आमच्यासोबत होते. "एकामागून एक चाला, आणि मळलेली वाट सोडू नका," ही त्यांची पहिली सूचना. तिचे कारण आम्हांस पुढे उमगले.

टेकडी बनते कशी? सह्याद्रीत तिळारी या नावाने वाहणारी नदीच पुढे शापोरा होते. अशा नद्या डोंगरातील खडकांचा चुरा समुद्रात आणून टाकतात आणि लाटा तो किनाऱ्यावर पसरतात. ओहोटीच्या वेळी उघडी पडलेली वाळू उन्हाने सुकते. मग वारा तिचे कण उचलतो. परंतु ते धुळीसारखे आकाशात जात नाहीत, तर लहान लहान उड्या मारीत पुढे सरकतात. पडणारा प्रत्येक कण दुसऱ्या कणांना धक्का देऊन उडवितो. वाटेत एखादे रोप अथवा ओंडका आडवा आला की वाऱ्याचा वेग मंदावतो आणि वाळू तेथेच साचते. थरच्या वाळवंटातील टेकडी असो की पेडण्याच्या किनाऱ्यावरील, वाळूचा हा नियम एकच.

वारा टेकडी रचतो, पण तिला जागेवर राखतात वनस्पती. समुद्राच्या बाजूस प्रथम भेटते ती मर्यादवेल. तिची जांभळी फुले पाहून कोणासही वाटावे की ही केवळ शोभेसाठी आहे. प्रत्यक्षात ही वेल वाळूवर सरपटत जाते आणि पेरापेरांतून मुळे सोडून वाळूला जणू शिवून टाकते. तिच्या सोबतीला असते 'रावणाच्या मिशा' म्हणून ओळखले जाणारे टोकदार गवत. वाळूने गाडले गेले तरी ते वर डोके काढते, आणि त्याबरोबर टेकडीही वाढत जाते. या पहिल्या फळीने खारा वारा अंगावर घेतल्यावरच मागच्या बाजूस केवडा, काजू यांसारखी झाडे तग धरतात. राजस्थानात हेच काम सेवण नावाचे गवत करते. माणसांच्या पायांखाली वेल तुटली की तेवढ्या जागी वाळू मोकळी होते, वारा तिला उकरू लागतो आणि पाहता पाहता टेकडीला खिंड पडते. वाटाड्यांच्या सूचनेचा अर्थ हा होता.

या टेकड्यांचे उपकार अनेक आहेत. पावसाळ्यात खवळलेला समुद्र किनारा खातो, तेव्हा टेकडीची वाळू त्याच्या भक्ष्यस्थानी पडते आणि मागची वस्ती वाचते. पावसाळा सरल्यावर लाटा बरीचशी वाळू परत आणून देतात. पावसाचे पाणी टेकडीत मुरते. गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्याने ते वर तरंगत राहते आणि समुद्राजवळच्या विहिरींनाही गोडे पाणी लागते. 26 डिसेंबर 2004 रोजी तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली, तेव्हा जेथे वाळूच्या टेकड्या शाबूत होत्या तेथे लाटांचा जोर त्यांनी अडविल्याचे अभ्यासकांना आढळले.

मोरजी आणि मांद्रे येथे हिवाळ्याच्या सुमारास ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री येऊन वाळूत सुमारे शंभर शंभर अंडी घालतात. वन खाते या घरट्यांची राखण करते. सुमारे 50 दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. नवल असे की, पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते: वाळू अधिक उबदार असल्यास माद्या, थंड असल्यास नर. पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात. काळोख्या किनाऱ्यावर समुद्रच अधिक उजळ दिसतो. पण जवळ दिवे झगमगत असतील तर ती भुलून जमिनीकडे वळतात आणि मरतात.

आज या टेकड्यांवर खरे संकट आहे ते माणसाचे. बांधकामासाठी, वाटांसाठी, कधी केवळ समुद्र नीट दिसावा म्हणून त्या सपाट केल्या जातात. 1991 पासून किनारी नियमांनी त्यांना संरक्षण दिले आहे. परंतु कायदा टेकडी वाचवू शकतो, सपाट केलेली टेकडी पुन्हा रचून देऊ शकत नाही. आमच्या डिचोली तालुक्यात खाणींच्या मातीचे ढीग आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. पावसात त्यांची माती वाहून शेतांत उतरते, आणि ती थोपविण्यासाठी अखेर झाडांच्या मुळांचाच आधार घ्यावा लागतो. डोंगरात काय अन् किनाऱ्यावर काय, मोकळ्या भूमीला धरून ठेवणारे हात मुळांचेच!

ज्यांना ही सहल करावयाची असेल त्यांनी पावसाळ्यानंतर, सकाळच्या वेळी जावे. पाणी व टोपी सोबत घ्यावी, जाणता वाटाड्या अवश्य घ्यावा. वेल उपटू नये, टेकडीवरून घसरगुंडी खेळू नये, घरट्याच्या कुंपणाजवळ गर्दी करू नये. टेकडी मागच्या बाजूनेही पाहावी. तेथील विहीर, माड आणि घरे पाहिली म्हणजे ती कोणाची राखण करीत उभी आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.