जमिनीचा लिलाव आणि साठ दिवस

काशीमिऱ्याकडचा एक वारली गृहस्थ भाईंदरच्या माझ्या खोलीवर न्यायालयाचा कागद घेऊन आला. कर्जाच्या हुकूमनाम्यापायी त्याची जमीन लिलावात गेली होती. ‘‘पाड्यात दवंडी झालीच नाही, गुरुजी,’’ तो म्हणाला. मी आधी विक्रीची तारीख पाहिली. एकेचाळीस दिवस झाले होते.

मुंबईत उच्च न्यायालयाचा असा लिलाव शेरीफची कचेरी करते. दहिसरपुढे दिवाणी न्यायालयाचा बेलिफ येतो. कायदा एकच : १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश २१. जाहीरनाम्याची दवंडी व्हावी लागते, प्रत जमिनीवर आणि न्यायालयात डकवावी लागते. न्यायालयात डकवल्यापासून पंधरा दिवसांच्या आत, ऋणकोच्या लेखी संमतीवाचून, विक्री करता येत नाही. कर्ज फिटेल एवढीच जमीन विकावी, असाही दंडक आहे. अंबटी नरसय्या खटल्यात दहा एकरांची विक्री सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली याच मुद्द्यावर रद्द केली.

विक्रीनंतर दोन वाटा उरतात. नियम ८९ प्रमाणे जाहीरनाम्यातील देणे आणि खरेदीदारासाठी विक्रीच्या रकमेवर पाच टक्के भरून जमीन सोडवता येते. पैसा नसेल तर नियम ९० : गैररीत किंवा लबाडी दाखवायची. पण दवंडी झाली नाही एवढे पुरत नाही. त्यामुळे भरीव नुकसान झाले हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी शेजारच्या जमिनींची खरेदीखते जमवावीत. जाहीरनामा निघण्यापूर्वी घेता आली असती अशी हरकत मागाहून चालत नाही. म्हणून आलेली नोटीस भीतीने दडवू नये. दोन्ही वाटांना मुदत विक्रीपासून साठ दिवसांची.

या गृहस्थाचा आणखी एक हक्क होता. जमीन महसूल संहितेत १९७४ साली आलेल्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतही नाही. खरेदीदार बिगर-आदिवासी होता. मंजुरीचा कागद कुठेच नव्हता. उरलेल्या एकोणीस दिवसांत वकील गाठून आम्ही अर्ज दाखल केला. निकाल यायचा आहे.

१८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, तेव्हा कुठे १८७९ चा संरक्षक कायदा आला. आज कायदा आहे, पण तो पाड्यापर्यंत पोचत नाही. गावगाड्यात दवंडी देण्याचे काम आमच्या बापजाद्यांकडे असे. सरकारचा हुकूम त्यांनी गावभर ओरडून सांगितला. त्यांचा स्वतःचा हक्क मात्र त्यांना कोणी सांगितला नाही. ती दवंडी आता शिकलेल्यांनी द्यायची आहे, आणि साठ दिवसांच्या आत.